फौजदारी अपिलांची मुदत व कागदावरील पैवस्ती

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. फौजदारी निकालावरील अपील मुदतीनंतर दाखल झालें असतां न्यायालय तो विलंब कोणत्या कारणांनीं माफ करतें, हा वकिलांचा प्रश्न. जुन्या कागदांच्या संग्राहकांस त्याचें काय? आमचीही समजूत बरींच वर्षें अशीच होती. परंतु इंदापूर तालुक्यांतील एका सद्गृहस्थांनीं आपल्या घरचा एक रुमाल आम्हांस वाचावयास दिला आणि त्यांतील एका नकलेनें ती समजूत पार बदलली. घराण्याचें व गांवाचें नांव मालकांच्या इच्छेवरून येथें देत नाहीं.

रुमालांतील बहुतेक कागद जमीनबाबीचे होते. इंदापूर ही मुंबई इलाख्यांतील जमीनपाहणीची आद्यभूमि. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास आपली पद्धति प्रथम तेथेंच लावून पाहिली, त्यामुळें त्या तालुक्यांत असले कागद घरोघर सांपडतात. त्यांत एकच कागद फौजदारीचा होता. बांधावरून झालेल्या मारामारींत घरच्या धाकट्या भावास, प्रांतसाहेबांचा मुक्काम इंदापुरास असतां, १४ मार्च १९३६ रोजीं दोन महिने सक्तमजुरी व दंड अशी शिक्षा झाली. अपील पुण्याच्या सेशन कोर्टांत गुदरलें तें २४ एप्रिलला. मुदत ३० दिवसांची. म्हणजे ती १३ एप्रिलला सरली, व अपील ११ दिवस उशिरां गेलें, असें कोणीही म्हणेल. घरांतही तीन पिढ्या हेंच म्हणत आले होते. थोरल्या भावानें धाकट्याचें अपील जाणूनबुजून कुजविलें. साहेब दयाळू म्हणून त्यानें उशीर माफ करून अपील घेतलें व भोगलेली कैद पुरे ठरविली. नाहीं तर भाऊ पुरे दोन महिने आंत राहता, अशी ती कथा. या एका आरोपावरून दोन शाखांचा चुलीपासून लग्नकार्यापर्यंतचा संबंध तुटलेला होता.

नकलेची पाठ कोणीतरी, टिकावी म्हणून, जाड तपकिरी कागद डकवून झांकून टाकली होती. उजेडापुढें धरतां मागें कांहीं अक्षरें आहेत असें दिसलें. जाणत्या हातांकडून ती खळ दमट करून सोडवून घेतली, तेव्हां इंग्रजींतील तीन ओळी निघाल्या: नकलेचा अर्ज १७ मार्च, नक्कल तयार ३० मार्च, नक्कल दिली २ एप्रिल.

ज्यांनीं पेशवाईंतील पत्रें हाताळलीं आहेत त्यांस या तीन ओळींची थोरवी सांगावी लागणार नाहीं. पत्राच्या अखेरचा 'रवाना छ' आणि माथ्यावरचा अगर पाठीवरचा 'पैवस्तगी छ' यांतील अंतर मोजूनच आपण ठरवितों कीं, लिहिणाऱ्यास अमुक बातमी अमुक दिवशीं ठाऊक होती कीं नव्हती. पत्राची मिति एक, तें पोंचल्याची मिति दुसरी. आणि माणसाच्या वर्तनाचा न्याय करावयाचा तो दुसरीवरून. इंग्रजी अमदानींतील व त्यानंतरच्या कोर्टाच्या नकलेवरील शेरे हे त्याच जातीचे आहेत, आणि फौजदारी अपिलाच्या मुदतीचा सर्व हिशेब त्यांवर उभा आहे.

हा हिशेब एकदां मांडून दाखवितों. १९०८ च्या मुदतीच्या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें निकालाचा दिवस धरावयाचा नाहीं, आणि नक्कल मिळविण्यास जो काळ अवश्य लागला तोही वगळावयाचा. म्हणून ३० दिवस १५ मार्चपासून मोजले तर १३ एप्रिल येतो. नकलेचा अर्ज १७ मार्चचा व नक्कल तयार ३० मार्चची; दोन्ही दिवस धरून हे १४ दिवस वगळले. १३ एप्रिलांत १४ मिळविले म्हणजे अखेरची तारीख २७ एप्रिल. अपील २४ एप्रिलला गेलें; म्हणजे मुदतीच्या तीन दिवस आधीं. नक्कल तयार झाल्यावर ती हातीं घेईपर्यंत गेलेले दिवस आपोआप सुटत नाहींत, म्हणून २ एप्रिल ही तारीख आम्हीं हिशेबांत घेतलीच नाहीं. तरीही निकाल तोच राहतो. साहेबाची दया या प्रकरणीं मुळीं लागलीच नव्हती. थोरल्या भावानें शिक्षेच्या तिसऱ्या दिवशीं नकलेचा अर्ज दिला, भिगवण स्टेशन गांठून पुण्याच्या खेपा केल्या, आणि जें मिळविलें तें हक्कानें मिळविलें.

हक्क व माफी यांतील हा भेद सामान्य बोलण्यांत पुसला जातो, म्हणून तो येथें स्पष्ट करणें अवश्य आहे. नकलेचे दिवस वगळणें हा हक्क आहे. तेथें न्यायाधीशाची मर्जी चालत नाहीं. मुदतीचा शेवटचा दिवस सुटीचा आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशीं अपील देतां येतें, हाही हक्कच. हे सर्व दिवस सोडूनही जो उशीर उरतो तो मात्र माफीच्या प्रांतांतला. त्यासाठीं ५ वें कलम आहे: मुदतींत अपील न करण्यास 'पुरेसें कारण' होतें अशी न्यायालयाची खात्री पटविल्यास तें उशिरांचें अपीलही घेऊं शकतें. १९०८ चा कायदा जाऊन १९६३ चा आला व तो १ जानेवारी १९६४ पासून अमलांत आहे. या दोन कलमांचे क्रमांक मात्र तेच राहिले.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रांत अपिलास दिवसांची मुदत अशी आढळत नाहीं. याज्ञवल्क्य व नारद हे दोघेही वाईट रीतीनें पाहिलेला व्यवहार पुन्हां पाहावा असें सांगतात; पण न्यायानें हरूनही आपण हरलों नाहीं असें मानून जो पुन्हां येतो त्याच्यावर दुप्पट दंडाचें ओझें ठेवितात. पुनर्न्यायाचें दार पंचांगानें लावलेलें नसून दंडानें लावलेलें आहे. मराठेशाहींत तें दार कतब्यानें लावीत. हरलेल्या पक्षाकडून यजितखत लिहून घेत, आणि पुढें कथळा केल्यास दिवाणचा गुन्हेगार व गोताचा अन्यायी अशा बोलीनें त्यास बांधीत. तरीही वतनाचे वाद पिढ्यानुपिढ्या मजलसींतून पुन्हां उकरले जात, हें महजरांच्या वाचकांस सांगावयास नको. दिवस मोजून न्यायाचें दार लावण्याची रीत इंग्रजी कायद्याबरोबर आली. आणि दिवस मोजावयाचे ठरल्यावर, ज्याचे दिवस दैवानें हिरावले त्याचें काय, हा प्रश्न ओघानेंच आला.

या प्रश्नाचें उत्तर मात्र शास्त्रकारांनीं आधींच देऊन ठेवलें होतें, तें अपिलासंबंधानें नसून हजर होण्याच्या अवधीसंबंधानें. निबंधग्रंथांत कात्यायनाच्या नांवावर जें वचन येतें त्याचा आशय असा: ठरलेल्या काळांत दैवाकडून अगर राजाकडून आपत्ति ओढवली तर केवळ अवधि चुकला एवढ्यावरून मनुष्य हरला असें होत नाहीं; मात्र ती आपत्ति त्यानें साक्षीदारांनीं सिद्ध केली पाहिजे, आणि जो कपटानें वेळ काढतो त्यास दंड आहे. म. म. काणे यांनीं कात्यायनाचीं विखुरलेलीं वचनें १९३३ त एकत्र छापलीं, त्यामुळें हा भाग आतां सहज पाहतां येतो. नारद तर यापुढें जाऊन म्हणतो कीं, गुरें चारीत असलेल्या गुराख्यास, पीक उभें असतां शेतकऱ्यास, काम हातीं असलेल्या कारागिरास व युद्धांतल्या शिपायास वादीनें अडकवून ठेवूं नये. इंदापुराकडील कोरडवाहू शेतकऱ्यास पेरणीची ओल चार दिवस टिकते. त्या चार दिवसांत त्यानें कोर्टाची पायरी चढली नाहीं तर तो आळशी कीं शहाणा, हें नारदास ठाऊक होतें. उलट बाजूही सांगितली पाहिजे. साहस, चोरी, पारुष्य इत्यादि व्यवहारांत प्रतिवादीनें उत्तर तत्काळ द्यावें, तेथें मुदत देऊं नये, असें याज्ञवल्क्य म्हणतो. म्हणजे ज्यांस आपण आज फौजदारी म्हणतों त्या बाबतींत आमचें शास्त्र दिवाणीहून घाईचें होतें.

इंग्रजी कायदाही घाईचाच होता. १९०८ च्या कायद्यांत सेशन कोर्टानें दिलेल्या फांशीच्या शिक्षेवर अपील करण्यास अवघे सात दिवस होते. फांशीस उच्च न्यायालयाची मंजुरी लागतेच, म्हणून कैद्याचा बचाव अगदींच बुडत नसे हें खरें. तरी सात दिवस! १९६३ च्या कायद्यानें ते ३० केले. इतर शिक्षांवर उच्च न्यायालयाकडे ६० दिवस व खालच्या अपील-न्यायालयाकडे ३० दिवस, ही जुनी वांटणी कायम राहिली. सरकारास निर्दोष सुटकेवर अपील करावयाचें असल्यास ९० दिवस आहेत; १९०८ च्या मूळ कायद्यांत तेच सहा महिने होते. १८९८ ची फौजदारी संहिता जाऊन १९७३ ची आली, ती जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. परंतु अपिलाच्या मुदतीचे आंकडे आजही मुदतीच्या कायद्यांतच पाहावयाचे असतात.

इंदापुरच्या दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेवर आज अपील करावयाचें तर १९३६ प्रमाणें पुण्यास जावें लागत नाहीं. ज्या बारामतींत बाबूजी नाइकांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं १७९४ पर्यंत आपलें आयुष्य काढलें, तेथेंच आतां अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. मात्र बारामतीच्या सत्र न्यायालयानें शिक्षा दिली असल्यास वाट मुंबईची. नीरा ओलांडून पलीकडे माळशिरस तालुक्यांत गेलें, म्हणजे सोलापूर जिल्ह्यांत, कीं ऑगस्ट २०२५ पासून तेथील अपिलें मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील पीठाकडे जातात. एकाच नदीचें पाणी पिणाऱ्या दोन गांवांचीं फौजदारी अपिलें दोन दिशांस जावीं, हें पुढील शतकांतल्या संशोधकास कोड्यांत टाकील. म्हणून येथें नोंदवून ठेवितों.

आतां 'पुरेसें कारण' म्हणजे काय? कायद्यानें त्याची व्याख्या केलेली नाहीं, आणि तें शहाणपणाचेंच झालें. १९६१ सालीं रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, मुदत चालू असतां पक्षकार शेवटच्या दिवसापर्यंत थांबला तर त्याचा जाब विचारावयाचा नाहीं. शेवटच्या दिवसापासून प्रत्यक्ष दाखल करीपर्यंतच्या विलंबाचा मात्र खुलासा झाला पाहिजे. यावरून 'दिवसादिवसाचा हिशेब द्या' असा एक खाक्या पडला. १९८७ त अनंतनागच्या भूसंपादन-प्रकरणीं त्याच न्यायालयानें त्या खाक्याची थट्टा केली: दिवसाचाच कां, मग तासाचा व क्षणाचाही हिशेब कां मागूं नये? उशिरां अपील करण्यांत सामान्यतः पक्षकाराचा लाभ नसतो, उलट तो धोका पत्करतो, म्हणून अर्थ व्यवहारबुद्धीनें लावावा, असा त्या निकालाचा रोख आहे. हीं दोन्ही प्रकरणें दिवाणीचीं. पण फौजदारींत, विशेषतः अपील करणारा तुरुंगांत असेल तेथें, हीच उदार बाजू अधिक लागू पडावी हें उघड आहे. ज्याच्या हातांत दोन महिन्यांची कैद आहे त्याचा दिवस आणि ज्याच्या हातांत दोन एकरांचा वाद आहे त्याचा दिवस यांस एका मापानें मोजणें आम्हांस तरी पटत नाहीं.

या सर्व विषयांत पुणें जिल्ह्याशीं संबंध असलेलें एक प्रकरण आमच्या वाचकांनीं मुद्दाम वाचावें असें आहे. तें म्हणजे होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १७ ऑगस्ट १९७८. बनावट विद्यापीठ-पदव्यांच्या प्रकरणीं सेशन कोर्टानें अर्जदारास कोर्ट उठेपर्यंतची नांवाची कैद दिली होती. नोव्हेंबर १९७३ त मुंबई उच्च न्यायालयानें ती वाढवून तीन वर्षें केली. सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाच्या परवानगीचा अर्ज आला तो चार वर्षांहून अधिक उशिरां, सगळी शिक्षा भोगून झाल्यावर. विलंबाचें कारण त्यानें दिलें तें असें कीं, निकालाची नक्कलच आपणांस १९७८ त मिळाली. सरकारचें म्हणणें, उच्च न्यायालयानें मोफत नक्कल वेळेवर येरवड्याच्या मध्यवर्ती तुरुंगाच्या अधीक्षकाकडे धाडली होती. तुरुंगाचें म्हणणें, कारकुनानें ती कैद्यास दिली, पण राज्यपालांकडील दयेच्या अर्जास जोडण्यासाठीं परत घेतली. कैदी म्हणतो, मला दिलीच नाहीं. आणि दफ्तरांत नक्कल पोंचल्याबद्दल त्याची सही कोठेंही नाहीं!

रवाना आहे, पैवस्ती नाहीं. आपल्यापैकीं ज्यानें ज्यानें एखाद्या खलित्याच्या पोंचण्याविषयीं वाद घातला आहे, त्याला हें प्रकरण ओळखीचें वाटेल. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्यावर जें लिहिलें त्याचा सारांश असा: कैदेची शिक्षा झालेल्या मनुष्यास निकालाची नक्कल वेळेवर व मोफत मिळाली पाहिजे, तुरुंगाकडे ती धाडल्यास अधिकाऱ्यानें ती कैद्याच्या हातीं देऊन त्याची लेखी पोंच घेतली पाहिजे, आणि ज्यास वकील करणें शक्य नाहीं त्यास सरकारनें वकील दिला पाहिजे. प्रस्तुत अर्ज न्यायालयानें फेटाळला. अर्जदारास स्वतःस त्या निकालापासून कांहीं मिळालें नाहीं. परंतु त्यानंतर तुरुंगांतून उशिरां आलेल्या अपिलाचा विचार करतांना कैद्याच्या हातीं नक्कल केव्हां पडली, हा प्रश्न बाजूस सारतां येईना. तुरुंगांतील मनुष्य आपला अर्ज व नक्कल तुरुंगाधिकाऱ्याच्या हातीं देऊनही अपील करूं शकतो, ही सोय पूर्वीपासून संहितेंत आहे; पण नक्कलच नसेल तर त्या सोयीस पाय कोठचे?

सरकारच्या उशिराविषयीं थोडें. सुटलेल्या माणसावर सरकार मुदतीनंतर अपील आणतें तेव्हां कागद या मेजावरून त्या मेजावर गेला, मत मागविलें, मत आलें, असा खुलासा असतो. १९८७ च्या निकालानें सरकारास सावत्र वागणूक देऊं नये म्हटलें होतें; २०१२ त पोस्टमास्टर जनरलच्या प्रकरणीं, तेंही दिवाणीच, तो पान्हा आटला, आणि सरकारी फायलींचा संथपणा हें आपोआप कारण होत नाहीं असें ठरलें. आमच्या मतें फौजदारींत ही कडक बाजूच योग्य आहे. कारण निर्दोष ठरून घरीं परतलेल्या माणसानें मुदत संपल्यावर पुन्हां नांगर धरलेला असतो.

माफीची परमावधि मात्र महामारीच्या काळांत झाली. १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा सर्व काळ सर्वोच्च न्यायालयानें मुदतीच्या हिशेबांतून एकदमच वगळला. कोणी कारण सांगावयाचें नाहीं, कोणी पुरावा द्यावयाचा नाहीं. कात्यायनाचें 'दैवकृत' इतक्या विस्तारानें पूर्वीं कधीं लागू झालें असेल असें वाटत नाहीं. याच्या उलट टोंकास कांहीं विशेष कायदे आहेत. राष्ट्रीय तपास संस्थेच्या २००८ च्या कायद्यांत अपिलास ३० दिवस असून ९० दिवसांनंतर अपील घेऊं नये अशी भाषा आहे. २०२३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ती भाषाही निर्वाणीची न मानतां, पुरेसें कारण असल्यास ९० दिवसांपुढेंही विलंब माफ करतां येतो असें धरलें.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, कोर्टाची नक्कल हातीं आली तर तिची पाठ पाहावी, कडेचे शिक्के व स्टँप कापूं नयेत, आणि डकवण्याचा मोह टाळावा. भीमाकांठचीं कित्येक गांवें उजनीच्या जलाशयाखालीं गेलीं. त्या विस्थापनांत जे रुमाल बाहेर निघाले त्यांतील फौजदारी कागद 'लाजिरवाणे' म्हणून प्रथम फेंकले गेले, असें आम्हीं एकाहून अधिक घरीं ऐकलें आहे. राहिले असतील ते यादींत घेतांना निकालाची तारीख, नकलेच्या तिन्ही तारखा व अपिलाची तारीख अशा पांचही नोंदवाव्या; निकाल व अपील या दोनच तारखांवरून कोणाच्या आळसाचा अगर कोणा साहेबाच्या दयेचा निष्कर्ष काढूं नये.

आमच्या रुमालाची हकीकत पुरी करतों. दोन्ही शाखांतील वडील मंडळींस एकत्र बसवून तो हिशेब आम्हीं पाटीवर मांडून दाखविला. धाकट्या शाखेंतील एका वृद्ध गृहस्थांनीं दिवस दोनदां बोटांवर मोजले, मग तिसऱ्यांदा नातवाकडून मोजविले, आणि नक्कल आपल्या हातानें थोरल्या शाखेकडे ठेवावयास दिली. ती आतां पाठ उघडी राहील अशा पारदर्शक पाकिटांत आहे. सोडवून काढलेला तपकिरी कागदही त्यांनीं टाकूं दिला नाहीं. त्याच्या आंतल्या बाजूस कोणीतरी वाण्याच्या सामानाची यादी पेन्सिलीनें लिहिली असून तींत गूळ व मीठ एवढे दोनच शब्द स्पष्ट लागतात.